महाविद्यालयापूर्वीची लेखणी

लेखक हा महाविद्यालयात घडतो, अशी आपल्या सुशिक्षित घरांतून एक समजूत आढळते. शाळेत असेतो मुलाने अभ्यास करावा, लेखनाचे पुढे पाहता येईल, असे वडील मंडळी म्हणतात. परंतु आधुनिक मराठी कादंबरीचे शिल्पकार हरि नारायण आपटे यांची विद्यार्थिदशा पाहिली, म्हणजे ही समजूत टिकत नाही.

हरिभाऊंचा जन्म १८६४ सालचा, खानदेशातील पारोळ्याचा. पुढे आनंदाश्रम स्थापणारे महादेव चिमणाजी आपटे हे त्यांचे चुलते. पुण्यास १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. लवकरच आगरकरही त्यांस मिळाले. त्या शाळेत हरिभाऊ शिकत असता १७ मार्च १८८२ रोजी विष्णुशास्त्री अकाली निवर्तले. त्या दुःखावेगात अठरा वर्षांच्या या शिष्याने ‘शिष्यजनविलाप’ हे विलापकाव्य रचिले. तेव्हा मॅट्रिकची परीक्षाही व्हावयाची होती.

किशोरवयातील पद्यरचनेस पुष्कळजण हसतात. ते योग्य नव्हे. वृत्तात लिहू पाहणाऱ्या मुलास शब्द तोलावे लागतात. ‘जल’ हे दोन लघूंचे, ‘पाणी’ दोन गुरूंचे, ‘नीर’ गुरुलघूंचे, तर ‘उदक’ तीन लघूंचे. मंदाक्रांतेच्या सतरा अक्षरांत यांपैकी कोणता शब्द कोठे बसेल, हे शोधता शोधता शब्दसंग्रह वाढतो, आणि हाताशी आलेला पहिलाच शब्द खरा नव्हे, हा मोठा धडा मिळतो. तो पुढे गद्यासही उपयोगी पडतो.

तथापि भक्तीने लेखणी उचलली जाते, विवेकाने ती स्थिर होते. आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ या नावाने भाषांतर केले. ते १८८३ साली प्रसिद्ध झाले. त्यावर हरिभाऊंनी विद्यार्थिदशेतच प्रदीर्घ टीका लिहिली. एका गुरूच्या निधनाने व्याकुळ झालेला हा विद्यार्थी दुसऱ्या गुरूच्या कृतीचे दोष निर्भयपणे दाखवू शकला, आणि त्यायोगे त्याच्या आदरास उणेपणा आला नाही. ‘मधली स्थिति’ ही त्यांची पहिली कादंबरी ‘पुणेवैभवा’त १८८५ पासून येऊ लागली, तेव्हा ते अवघे एकवीस वर्षांचे होते. विद्यापीठाची पदवी मात्र त्यांस कधीच मिळाली नाही.

आता प्रश्न आपल्या घरांचा आहे. मुलाने आजोबांवर स्तुतिपर चार ओळी लिहिल्या, तर आपण त्या पाहुण्यांस वाचून दाखवितो. त्याच मुलाने घरातील एखाद्या रूढीवर प्रश्न करणारा निबंध लिहिला, की ‘शहाणपण पुरे’ म्हणून वही मिटविली जाते. मग तो शहाणा होतो, म्हणजे इतरांस रुचेल तेवढेच लिहितो. तयार निबंधांतील वाक्ये उतरवून गुणही मिळवितो. लेखक मात्र तेथेच संपतो.

म्हणून वडिलधाऱ्यांस एवढीच विनंती, की मुलाने लिहिलेले घरातील एकाने तरी नीट ऐकावे. ‘छान आहे’ एवढ्यावर न थांबता ‘हे तू स्वतः पाहिलेस का? हाच शब्द का घातलास?’ असे विचारावे. आणि लिहिलेले आपल्याविरुद्ध असले, तरी वही मिटवू नये. आपट्यांच्या लेखणीस जे स्वातंत्र्य अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी लाभले, ते आपल्या ओसरीवरील मुलास, आणि मुलीसही, द्यावयास वेगळा खर्च लागत नाही. मन मात्र मोठे लागते.