झाड वाळतं वरून, पण मरतं खालून!

मित्रांनो, आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी पावसावरच्या कविता, मेसच्या पोळीवरचे विनोद आणि एक तरी प्रेमभंग असतोच. या वेळी मी एका झाडाबद्दल लिहिते आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे 'फंगस', 'रूट', 'ड्रेनेज' हे शब्द आधी आठवतात आणि बुरशी, मूळ, निचरा मागाहून येतात. तेवढं सांभाळून घ्या. पण विषय असा आहे की तो आम्हा सिव्हिलवाल्यांच्या सॉईल मेकॅनिक्समध्येही बसतो, आणि ज्यांच्या घरामागे लिंबू-संत्र्याचं एक तरी झाड आहे त्या सर्वांच्या (स्टाफमधल्या सर-मॅडमच्या सुद्धा!) कामाचा आहे.

आमचं गाव वडनेर, तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा. नागपूरहून हैदराबादकडे हायवेने गेलेल्यांनी गावाची पाटी पाहिली असेल. गाव कापसाचं. जिल्ह्यातला संत्र्याचा पट्टा म्हणजे वर कारंजा, आष्टी, आर्वीकडचा. तरी आजोबांनी हौसेनं परसात एक संत्र्याचं कलम लावलं होतं. आजोबा जाऊन सात वर्षं झाली, पण आजी अजूनही त्याला "तुह्या आबाजीचं झाड" असंच म्हणते. हिवाळी परीक्षा संपवून मी घरी गेले की परत येताना पिशवीभर संत्री हॉस्टेलवर यायची. माझ्या रूममेट्स साक्ष देतील.

मागच्या उन्हाळ्यात ते झाड तोडावं लागलं.

आजी म्हणाली, नजर लागली. शेजारच्या काकूंचं मत, खत कमी पडलं. काका म्हणाले, ऊन फार होतं. घरात माणूस गेल्यावर चालावी तशी ही चर्चा आठ दिवस चालली. मग अ‍ॅग्रिकल्चरला असलेली माझी एक मैत्रीण घरी आली. तिने वाळलेल्या फांद्यांकडे वळूनही पाहिलं नाही. सरळ खुरपं घेऊन खोडाच्या बुडाशी बसली आणि माती उकरायला लागली.

बुडाशी काय निघालं?

वीतभर माती काढल्यावर खोडाची साल तपकिरी आणि ओलसर निघाली. तिला आंबूस वास होता. नखाने दाबली तर मऊ लागत होती. जागोजागी डिंक सुकून बसला होता. बारीक मुळी चिमटीत धरून ओढली की वरचं साल निसटून हातात यायचं आणि मागे नुसता दोऱ्यासारखा गाभा उरायचा. निदान झालं: डिंक्या आणि मूळकूज. विदर्भातल्या संत्राबागांना हा रोग चांगला ओळखीचा आहे.

यात तीन गोष्टी नीट समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली म्हणजे वेळेचा हिशोब. झाड पाणी आणि अन्नद्रव्यं घेतं ती जाड मुळांनी नाही, केसासारख्या बारीक तंतुमुळांनी. ती सडायला लागली तरी खोडात आणि फांद्यांत साठवलेल्या अन्नावर झाड काही महिने निभावतं. पानं पिवळी पडून शेंडे वाळायला लागतात तोवर खालचं बरंच काम संपलेलं असतं. आपल्याला जी सुरुवात वाटते तो बहुतेक वेळा मधला भाग असतो.

दुसरी गोष्ट डिंकाची. हा डिंक पाण्यात विरघळतो. रोग पावसाळ्यात जोर धरतो, आणि नेमका तेव्हाच पाऊस डिंक धुऊन नेतो! म्हणून ऐन रोगाच्या दिवसांत खोड स्वच्छ दिसतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी. मुळं सडली की झाड पाणी घेऊ शकत नाही, म्हणून पानं तहानल्यासारखी दिसतात. मग माणूस काय करतो? अजून पाणी घालतो, वरून मूठभर युरिया टाकतो. म्हणजे बुडणाऱ्याला ग्लासभर पाणी पाजल्यासारखं! शेवटच्या वर्षी आमच्या झाडाला इतका फुलोरा आला की आजी खूश झाली होती. पण खचत चाललेलं झाड कधीकधी मरायच्या आधी असंच अवेळी भरभरून फुलतं.

हा डिंक्या आहे तरी कोण?

त्याचं शास्त्रीय नाव फायटोफ्थोरा. ग्रीक भाषेत याचा अर्थ 'वनस्पतींचा नाश करणारा'. जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी हे नाव १८७६ साली दिलं. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडून जो दुष्काळ पडला आणि सुमारे १० लाख माणसं गेली, तो याच घराण्यातल्या एका जातीचा प्रताप.

सगळे याला बुरशी म्हणतात, पण ही खरी बुरशी नाही. खऱ्या बुरशीच्या पेशींची भिंत कायटिनची असते, याची मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकनची. नात्याने हा समुद्रातल्या तपकिरी शेवाळांच्या जवळचा. आणि याचा सवयीचा भाग लक्षात ठेवा: याचे बीजाणू पोहतात! प्रत्येकाला दोन बारीक शेपट्या असतात. मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांच्या दिशेने ते मातीतल्या पाण्यातून पोहत जातात आणि मुळाला चिकटतात. पोहायला पाणीच नसेल तर मात्र हा गडी लंगडा. जाड कवचाचे बीजाणू करून तो मातीत वर्षानुवर्षं झोपून राहतो आणि पुढच्या चिखलाची वाट पाहतो.

थोडक्यात, रोग जंतूचा खरा, पण त्याला रस्ता करून देतं ते साचलेलं पाणी.

इथे आपला सिलॅबस येतो

वडनेरची जमीन काळी कापसाची. ब्लॅक कॉटन सॉईलच्या व्हायव्हात जे पाठ करून सांगतो ते इथे प्रत्यक्ष पाहायला मिळतं. या मातीत माँटमोरिलोनाईट नावाचं चिकण खनिज भरपूर असतं. ओली झाली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फुगल्यावर तिच्यातली छिद्रं मिटतात आणि पाणी खाली झिरपत नाही. कापसाला ही माती मानवते, पण संत्र्याला निचऱ्याची जमीन लागते.

मग इतकी वर्षं झाड जगलं कसं? कारण आजोबांनी ते उंचवट्यावर लावलं होतं. तीन वर्षांपूर्वी घरी नवी न्हाणी बांधली. बांधकाम करणाऱ्याने परस एकसारखं दिसावं म्हणून काळी माती टाकून भर घातली. खोड जवळपास फूटभर मातीत गेलं, आणि न्हाणीचा पाईप निघाला तो झाडाच्या दिशेने. कलमात वरचा भाग संत्र्याचा आणि खालचा खुंट दुसऱ्याचा असतो. आपल्याकडे तो बहुधा जंबेरीचा असतो. जिथे डोळा बांधलेला असतो तो जोड जमिनीपासून निदान वीतभर वर हवा, कारण वरची संत्र्याची साल या रोगाला लवकर बळी पडते. आमच्या झाडाचा जोडच गाडला गेला, आणि वर रोजचं पाणी. पुढे दोन पावसाळे पुरले.

पिवळं दिसलं की डिंक्याच, असं नाही

परसातली बाकीची दुखणीही ओळखता आली पाहिजेत, नाहीतर भलताच उपचार होतो.

खोडावर भुशाच्या आणि विष्ठेच्या जाळ्या लोंबत असतील तर ती साल खाणारी अळी. ती दिवसा भोकात लपते आणि रात्री साल कुरतडते. जाळी साफ करायची, भोकात सायकलचा स्पोक घालून अळी मारायची, रॉकेलचा किंवा पेट्रोलचा बोळा कोंबून चिखलाने बुजवायचं. पानं काजळी फासल्यासारखी काळी झाली असतील तर ती कोळशी. काळी माशी आणि तिच्यासारखे रस शोषणारे किडे चिकट गोड द्रव सोडतात, त्यावर ही बुरशी वाढते. काजळी पुसून उपयोग नाही, किडा आवरला पाहिजे. लिंबाच्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं दिसलं आणि ते हललं, तर ती लिंबाच्या फुलपाखराची अळी. हाताने वेचली तरी पुरे.

पान मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळं, ठिगळं लावल्यासारखं पिवळं पडत असेल तर मात्र 'ग्रीनिंग'चा संशय घ्या. हा रोग सिट्रस सिला नावाचा किडा पसरवतो आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात तो २००५ साली सापडला. त्यानंतरच्या वीस वर्षांत तिथलं संत्र्याचं उत्पादन ९० टक्क्यांहून जास्त घसरलं.

पपई, जास्वंदावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात ते पिठ्या ढेकूण. पपईवरचा पिठ्या ढेकूण भारतात २००८ साली कोइमतूरकडे पहिल्यांदा आढळला. २०१० मध्ये त्याचा शत्रू असलेली एक चिमुकली गांधीलमाशी बाहेरून आणून सोडली आणि ती कीड मोठ्या प्रमाणात आटोक्यात आली. दरवेळी फवारणीच लागते असं नाही!

आणि महत्त्वाचं: पानं गेली म्हणजे झाड गेलं असं समजून कुऱ्हाड काढू नका. २०२१ साली तेलंगणात कडुनिंबाची झाडं शेंड्याकडून करपली तेव्हा लोक घाबरले होते, पण पुढे बऱ्याच झाडांना पालवी फुटली. फांदीची साल नखाने खरवडा. खाली हिरवं दिसलं तर जीव आहे.

उपाय: मोरचूद, चुना आणि एक सुरी

डिंक्यावरचं जुनं आणि स्वस्त औषध म्हणजे बोर्डो. फ्रान्समध्ये बोर्डोजवळच्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या द्राक्षांवर चोरांनी हात मारू नये म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडत. मिलार्दे या प्राध्यापकांच्या लक्षात आलं की तेवढ्याच वेलींवर केवडा रोग नाही. त्यांनी १८८५ साली हे प्रसिद्ध केलं. त्या केवड्याचा जंतूही आपल्या डिंक्याच्याच कुळातला!

खोडाला लावायची बोर्डो पेस्ट अशी करतात: १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटर पाण्यात. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडी नकोत. चुना विरला आणि थंड झाला की दोन्ही एकत्र ओतत ढवळायचं. मग स्वच्छ लोखंडी सुरी त्यात बुडवायची. पातं तांबूस झालं तर मोकळं तांबं शिल्लक आहे, अजून चुना घाला. (फर्स्ट इयरची केमिस्ट्री: लोखंड तांब्याला हुसकावून लावतं!) पेस्ट त्याच दिवशी वापरायची. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत खोडाला लावायची.

रोग लागलाच असेल तर कुजलेली साल धारदार चाकूने निरोगी भागापर्यंत खरवडा, खरवड जाळून टाका आणि जखमेवर पेस्ट लावा. मेटॅलॅक्झिल किंवा फोसेटिल गटातली औषधं मिळतात, पण ती कृषी सहायकाला विचारून आणि लेबलवरच्या प्रमाणातच वापरा. खोडाची निम्म्याहून जास्त साल गोलाकार मेली असेल तर खर्च करण्यात अर्थ नाही. आमच्या झाडाची पाऊण गेली होती.

यातलं कुठलंही औषध निचऱ्याची जागा घेऊ शकत नाही. झाड लावण्याआधी फूटभर लांब, रुंद, खोल खड्डा करून पाण्याने भरा. ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर तिथे संत्रा-लिंबू लावू नका, किंवा उंच गादी करून, बाजूला उताराचा चर काढून लावा. पाणी द्यायला दुहेरी आळं करा: खोडाभोवती एक लहान कोरडं कडं, आणि पाणी त्याच्या बाहेरच्या कड्यात. कलम घेताना खुंट कोणता ते विचारा. जंबेरीपेक्षा रंगपूर लिंबाचा खुंट या रोगाला जास्त तग धरतो. नागपूरला १९८५ साली सुरू झालेल्या केंद्राची आज केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्था झाली आहे. तिथे किंवा कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत चौकशी केलेली बरी.

आमच्याकडे संत्र्यापासून दहा-बारा फुटांवर एक लिंबाचं झाड आहे. त्याच्याही खोडावर एका बाजूला डिंक दिसला. न्हाणीचा पाईप दुसरीकडे वळवला, खोडाभोवतीची भर काढली, साल खरवडून पेस्ट लावली. नवी पालवी आली आहे, पण ते वाचलं की नाही हे येता पावसाळाच सांगेल. आजीला संत्र्याच्या जागीच नवा संत्रा हवा होता. "तिथं सावली कोनाची पडन मंग?" असं तिचं म्हणणं. तिला समजावायला दोन दिवस लागले, कारण त्या मातीत बीजाणू अजून झोपलेले आहेत. तो खड्डा उन्हाळाभर उघडा तापत ठेवला आणि तिथे तूर्त काही लावायचं नाही असं ठरलं. नवं कलम परसाच्या दुसऱ्या टोकाला, गादीवर येणार आहे. जागा आजीने स्वतः दाखवली आहे.

तेव्हा दोस्तांनो, सबमिशनच्या गडबडीतून सुट्टीत घरी जाल तेव्हा एवढं करा. झाडाच्या शेंड्याकडे नंतर बघा, आधी बुडाशी बसा आणि वीतभर माती उकरून साल पाहा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि खुरपं प्रत्येकाच्या घरी असतंच!

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)