जपानी डिक्शनरी घेताना

जपानी-इंग्रजी शब्दकोश म्हणजे जपानी शिकणाऱ्यासाठीच असणार, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात द्विभाषिक कोश बहुधा एकाच बाजूचा वाचक डोळ्यांपुढे ठेवून रचतात. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक डिक्शनऱ्या (देन्शी जिशो) जपानी माणसाला इंग्रजी यावे म्हणून तयार झाल्या. सराईत सुगरणीसाठी लिहिलेल्या पाककृतीत 'नेहमीप्रमाणे फोडणी द्यावी' एवढेच असते; तसे हे कोश वाचकाला कांजी (चिनी लिपीतून आलेली अक्षरे) येते असे धरून चालतात. उदाहरणवाक्यांवर फुरिगाना (कांजीच्या माथ्यावर छापलेला उच्चार) सहसा नसतो.

नवशिका नेमका इथेच अडतो. 'जीवन', 'जन्म', 'कच्चे' असे अर्थ असलेली एकच कांजी 'सेन्सेई'त (शिक्षक) 'सेई' होते, 'तान्ज्योबी'त (वाढदिवस) 'ज्यो' आणि 'नामातामागो'त (कच्चे अंडे) 'नामा'. अक्षर ओळखीचे, पण उच्चार ठाऊक नाही. मग शब्द शोधायचा कसा?

म्हणून नोंदींच्या आकड्याला मी फारसे महत्त्व देत नाही. पडद्यावर अक्षर गिरवून शोधता येते का, ते आधी पाहावे. छापील कोश हवा असेल तर कोदान्शाचा 'फुरिगाना जॅपनीज डिक्शनरी' शिकणाऱ्यांसाठीच केलेला आहे. जिम ब्रीन यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या शब्दसंग्रहावर (एडिक्ट) उभी असलेली मोबाइल ॲप फुकटही मिळतात. ॲप निवडताना 'ताबेता' (खाल्ले) टाकून पाहा. 'ताबेरु' (खाणे) या मूळ नोंदीपर्यंत ते नेत नसेल, तर पहिल्या वर्षी फार अडवेल.