जिवंत काडतूस आणि ग्राइंडर

काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीत बहुधा लेड स्टिफनेट असते. ते ठोक्याने, घर्षणाने किंवा ठिणगीने पेटते. ड्रिल आणि ग्राइंडर नेमके हेच पुरवतात. बंदुकीबाहेर उडालेल्या काडतुसाची गोळी फारसा वेग घेत नाही, पण पितळी कवच फाटून तुकडे डोळ्यांत घुसू शकतात.

तोफगोळ्याचे प्रकरण याहून वाईट. पहिल्या महायुद्धातील गोळे फ्रान्स-बेल्जियमच्या शेतांत आजही नांगराला लागतात. त्यांतील अनेकांत पिक्रिक आम्ल असे. धातूशी संयोग होऊन त्याचे पिक्रेट क्षार बनतात आणि त्यांपैकी काही मूळ आम्लाहून कितीतरी संवेदनशील असतात. म्हणजे जुना गोळा निवत नाही, उलट बिथरतो. तांब्या-पितळेच्या मोहापायी त्यावर कटर चालवणे हा शुद्ध वेडेपणा! बेल्जियममध्ये सापडलेले गोळे लष्कराचे पथक उचलून नेते.