उधन्यातल्या नळजोडणीचा मागोवा

उधना-जळगाव रेल्वेमार्गाने खानदेशातली माणसं इथे, सुरतेतल्या उधन्यात आली, मागांवर आणि प्रोसेस हाउसांत कामाला लागली, भाड्याच्या खोल्यांवर मजले चढत गेले. त्या प्रत्येक मजल्यावर पाणी पोचवणाऱ्या फिटरची निवड तेव्हा सोपी होती: पाइप जीआयचा, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा, आणि जोड आट्यांचा. डाय मारून आटे पाडायचे, त्यावर सुतळी गुंडाळून सफेदा लावायचा आणि पान्याने आवळायचं. सुतळी पाण्याने फुगते, त्यामुळे बारीक पाझर पुष्कळदा आपोआप थांबे. पण आटे पाडताना जस्ताचा थर कापला जातो. खारट पाण्यात गंज तिथूनच धरतो. पुढे टेफ्लॉन टेप आली. हात स्वच्छ राहिले, गंज तसाच राहिला.

पाण्याच्या लाइनीसाठी तांबं इथल्या खिशाला परवडणारं नव्हतं. घरात ते होतं ते बंबात आणि जुन्या गिझरच्या टाकीत. तांब्याच्या नळीचं डाखकाम मात्र कल्हईच्या घराण्यातलंच. इथेही कथीलच लागतं आणि नवसागराचं काम फ्लक्स करतो. नळी घासून चकचकीत करायची, सगळीकडून सारखी तापवायची, मग कथील फटीत आपसूक ओढलं जातं. नळीत थोडं पाणी उरलं, तरी ती पुरेशी तापत नाही. दुरुस्तीतला डाख बहुधा यामुळेच फसतो. डाखात शिसंही असे. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांसाठी अमेरिकेने असा डाख १९८६ च्या कायद्याने बंद केला. डाखाऐवजी झाळकाम (ब्रेझिंग) करायचं, तर ४५० अंश सेल्सिअसहून जास्त तापमान लागतं. एसीच्या नळ्यांना तेच करतात.

गिझरपाशी मात्र एक चूक सर्रास व्हायची, अजूनही होते: तांब्याला थेट जीआयचा निपल. पाण्यात हे धातू एकमेकांना भिडले की आधी जस्त जातं, मग लोखंड. मधे पितळी फिटिंग हवंच.

अहमदाबादच्या अ‍ॅस्ट्रल कंपनीने १९९९ मध्ये सीपीव्हीसीचे प्लास्टिक पाइप भारतात आणले, आणि हळूहळू डाय पेटीतच राहू लागली. सोल्युशन लावा, नळी पाव फेरा फिरवा, दाबून धरा. आग नाही, गंज नाही, गरम पाणीही चालतं. ही निवड योग्यच झाली, असं मला मनापासून वाटतं. फक्त तो जोड पुन्हा उघडत नाही, कापावाच लागतो. भिंतीत गाडायच्या जोडाला हे चालतं. मोटर आणि गिझरपाशी युनियन, म्हणजे उघडता येणारा जोड, हवाच. तिथे त्याचा खर्च वाचवला, तर प्रत्येक दुरुस्तीला नळी कापावी लागते.