ट्रंक वसतिगृहात, किल्ली कुणाकडे?

उन्हाळ्याची सुटी संपत आली की वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीकडे येणाऱ्या गाड्यांत एक वस्तू बरेचदा दिसते. ती म्हणजे पत्र्याची ट्रंक. पाचगणी हे निवासी शाळांचे गाव. इथल्या वसतिगृहांत दूरदूरची मुले राहतात आणि प्रत्येकाचे कपडे, वह्या, घरून आलेला खाऊ ज्याच्या त्याच्या ट्रंकेत किंवा कपाटात असतो. इमारत शाळेची, फाटकावरचा पहारेकरी शाळेचा, छप्पर गळले तर दुरुस्ती शाळेची. पण ट्रंकेचे कुलूप मात्र आपले. कुलूप लावायचे विसरलो आणि शेजारच्या मुलाने लाडू फस्त केले, तर त्यात पहारेकऱ्याचा काय दोष?

हे चित्र डोळ्यांपुढे ठेवा. कारण तुमची आणखी एक ट्रंक आहे, पण ती तुम्ही कधी पाहिलेली नाही. तुमचे नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता, आईवडिलांचे फोन, परीक्षेतले गुण, रक्तगट, एखादे जुने दुखणे, अशी सगळी माहिती तिच्यात आहे. पूर्वी ही माहिती जनरल रजिस्टरमध्ये शाईने लिहिलेली असे आणि ते रजिस्टर कचेरीतल्या लोखंडी कपाटात असे. आता तिचा बराचसा भाग संगणकावर जातो आणि पुष्कळदा तो संगणक शाळेच्या आवारातही नसतो. तो भाड्याचा असतो. या भाड्याच्या व्यवस्थेला ‘सार्वजनिक क्लाऊड’ म्हणतात. मराठीत ‘मेघसंगणन’ असाही शब्द आहे.

ढग आहे तरी कुठे?

पावसाळ्यात टेबललँडवर उभे राहिलात तर ढग अंगावरून जातात. पण माहितीचा हा ‘ढग’ आभाळात नाही, तो चांगला जमिनीवर पाय रोवून उभा आहे. मोठमोठ्या इमारतींत हजारो संगणक मांडणींवर रचलेले असतात. त्यांना अखंड वीज लागते आणि ते तापत असल्यामुळे सतत थंड ठेवावे लागतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे अशी केंद्रे सुरू केली. ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत ती सुरू केली. पाचगणीहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर. म्हणजे आपला ‘ढग’ घाट उतरून दोन-तीन तासांच्या वाटेवरही असू शकतो!

जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक क्लाऊडविषयीचे धोरण जाहीर केले. असे धोरण आखणारे ते देशातले पहिले राज्य ठरले. सरकारी खात्यांनी स्वतः संगणक विकत घेऊन सांभाळत बसण्याऐवजी ही सेवा भाड्याने घ्यावी, मात्र माहिती भारतातच राहावी, असा त्याचा रोख होता.

एका छपराखाली अनेक भाडेकरू

‘सार्वजनिक’ म्हणजे कुणीही यावे आणि पाहावे असे नव्हे. एसटीची गाडी सार्वजनिक असते, पण तुमची पिशवी तुमचीच असते. तसेच हे. एकाच यंत्रावर एका बँकेचे, एका रुग्णालयाचे आणि एका शाळेचे काम शेजारी शेजारी चालू शकते. त्यांच्यामध्ये भिंती असतात त्या विटांच्या नव्हे, तर सूचनांच्या. ‘हायपरवायझर’ नावाची एक आज्ञावली प्रत्येकाला वेगळी खोली आखून देते आणि कुणी दुसऱ्याच्या खोलीत डोकावत नाही यावर लक्ष ठेवते.

या भिंती चांगल्या भक्कम असतात, पण अभेद्य नसतात. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाऊन’ आणि ‘स्पेक्टर’ या नावांचे दोष जाहीर झाले. संगणकाचा प्रक्रियक वेळ वाचवण्यासाठी पुढचे काम अंदाजाने आधीच करून ठेवतो. त्या घाईत शेजाऱ्याच्या माहितीचा थोडासा माग मागे राहतो, असे संशोधकांना आढळले. कंपन्यांनी तातडीने डागडुजी केली. असले काम मात्र शाळेला घरबसल्या जमले नसते. इमारत, यंत्रे आणि भिंती सांभाळणे हे मालकाचे काम. पण कुलपाचे काय?

कुलपाचे गणित

ट्रंकेला आकडे फिरवण्याचे कुलूप आहे असे समजा. त्याला तीन चकत्या आणि प्रत्येकीवर ० ते ९ आकडे. एकूण जोडण्या १,०००. एक जोडणी लावून पाहायला दोन सेकंद धरले तर फार तर ३३ मिनिटांत कुलूप उघडते. म्हणजे सगळे मैदानावर गेलेले असताना सहज! चौथी चकती बसवा. आता साडेपाच तासांहून जास्त वेळ लागेल. चकती एकच वाढली, पण कष्ट दसपट झाले.

माहितीला कुलूप लावतात ते सांकेतिकीकरणाने. ठरलेल्या नियमाने आणि एका गुप्त किल्लीने मजकुराची अशी उलथापालथ करतात की किल्लीवाचून तो निव्वळ गोंधळ दिसावा. आज सर्रास वापरात असलेल्या एका पद्धतीत ही किल्ली १२८ चकत्यांची असते आणि प्रत्येक चकतीवर ० किंवा १ एवढेच. चकतीवर दोनच आकडे, मग हे कुलूप दुबळे असेल का? हिशोब करू. २ ला २ ने १२७ वेळा गुणत गेल्यास जवळजवळ ३४ वर ३७ शून्ये इतक्या जोडण्या होतात. सेकंदाला एक लाख कोटी जोडण्या तपासणारे यंत्र आणले तरी सगळ्या तपासायला १ वर १९ शून्ये इतकी वर्षे लागतील. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे, म्हणजे १३८ वर फक्त ८ शून्ये!

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. चोर हे कुलूप फोडत बसत नाही. तो किल्ली शोधतो.

किल्ली खुंटीला

जुलै २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ‘कॅपिटल वन’ या बँकेतली माहितीची चोरी उघडकीस आली. अमेरिकेतील सुमारे दहा कोटी आणि कॅनडातील सुमारे साठ लाख लोकांची माहिती बाहेर गेली होती. बँकेने ती ॲमेझॉनच्या क्लाऊडमध्ये ठेवली होती. इमारतीत कुणी शिरले नव्हते की यंत्राला कुणी हात लावला नव्हता. बँकेने आपल्या दारावर बसवलेल्या एका रक्षक-आज्ञावलीची मांडणी चुकली होती. त्या फटीतून आत आलेल्या व्यक्तीला बँकेच्याच एका अंतर्गत ‘सेवका’चे ओळखपत्र हाती लागले आणि त्या सेवकाला गरजेपेक्षा पुष्कळ जास्त दालने उघडण्याची मुभा होती. माहिती कुलपात होती, पण त्या ओळखपत्रामुळे ती उलगडूनही मिळाली.

म्हणजे काय झाले? ट्रंकेला मजबूत कुलूप होते, पण किल्ली दाराशेजारच्या खुंटीला टांगलेली होती. क्लाऊडमधल्या पुष्कळ चोऱ्यांची कहाणी थोड्याफार फरकाने अशीच असते. जागेचा मालक एक काम नीट करतो आणि भाडेकरू दुसरे काम विसरतो. कधी मालकावर विसंबून भाडेकरू कुलूपच लावत नाही. म्हणून भाड्याने जागा घेताना पहिला प्रश्न विचारावा: किल्ली कुणाकडे राहणार? ती मालकाकडेच असेल तर मालकाचा एखादा नोकर किंवा मालकावर हुकूम चालवणारा कुणीही ट्रंक उघडू शकतो. ती आपल्याकडे असेल तर माहिती अधिक खाजगी राहते. पण किल्ली हरवली तर माहितीही कायमची गेली. दोन्ही सोयी एकदम मिळत नाहीत.

मग ट्रंक घरीच का ठेवू नये?

असे तुम्ही विचाराल. पण स्वतःचे यंत्र म्हणजे सुरक्षित यंत्र असेही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम-यंत्रणेत घातक आज्ञावली घुसवली गेली. पैसे द्यावेत की नाही हे ठरवणाऱ्या खऱ्या यंत्रणेऐवजी खोटी यंत्रणाच ‘द्या’ असे उत्तर देऊ लागली. बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले गेले आणि एकंदर सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तात्पर्य, प्रश्न घर स्वतःचे की भाड्याचे हा नाही. कोणते कुलूप कुणी पाहायचे हे ठरले आहे का आणि ते रोज कुणी पाहते का, हा आहे.

नाव खोडले तरी माणूस सापडतो

आतापर्यंत चोरीचे बोललो. खाजगीपणाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. कित्येकदा माहिती चोरली जात नाही, रीतसर दिली जाते. ‘नावे काढून टाकली आहेत, काळजी नको’ असेही सांगितले जाते. हे कितपत खरे?

पाचगणीचेच उदाहरण घेऊ. २०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या सुमारे १५ हजार होती. समजा, एका यादीत नाव नाही. फक्त गाव, जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष एवढेच आहे. ऐंशी वर्षांत सुमारे २९,२०० दिवस येतात. स्त्री-पुरुष असे दोन भाग केले की ५८,४०० खाने झाले. माणसे मात्र १५ हजार! माणसे या खान्यांत कशीही विखुरली आहेत असे धरल्यास दर चारांतली जवळजवळ तीन माणसे आपापल्या खान्यात एकटी असतात. पाचगणीत शाळकरी मुले अधिक, म्हणून हा आकडा थोडा कमी होईल, पण मुद्दा तोच राहतो. ज्याला तुमचा वाढदिवस ठाऊक आहे तो त्या बिननावाच्या यादीत तुमच्यावर बोट ठेवू शकतो, आणि तुमच्या खान्यापुढे लिहिलेले दुखणे किंवा गुणही वाचू शकतो. संकेतशब्द फुटला तर बदलता येतो, पण जन्मतारीख बदलता येत नाही.

कायदा काय म्हणतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला की खाजगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. पुढे २०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या उपयोगाच्या. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी, काही ठरावीक अपवाद सोडल्यास, आईवडिलांची किंवा पालकांची खात्रीशीर संमती हवी. आणि माहिती दुसऱ्याच्या यंत्रावर ठेवली तरी ती गोळा करणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही. पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘पहारेकरी त्यांचा होता’ ही सबब चालणार नाही.

करून पाहा

वर्गात प्रत्येकाने एका चिठ्ठीवर फक्त जन्मतारीख आणि मुलगा की मुलगी एवढे लिहावे, नाव नको. चिठ्ठ्या एकत्र करून मोजा: दुसरी जोडीदार नसलेल्या किती निघाल्या? मग शिक्षकांबरोबर चर्चा करा. शाळेच्या अर्जात कोणकोणती माहिती विचारतात? त्यातली कोणती खरोखर लागते? न घेतलेली माहिती कधीच फुटत नाही, हे सर्वांत स्वस्त कुलूप.

प्रयोग संपला की चिठ्ठ्या फाडून टाका. कागदाचे हे एक बरे असते. क्लाऊडमध्ये मात्र माहिती नष्ट होऊ नये म्हणून तिच्या प्रती निरनिराळ्या यंत्रांवर ठेवलेल्या असतात. तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या ॲपने जन्मतारीख विचारली, तर ती लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि विचारा: ही ट्रंक कुठे जाणार, हिची किल्ली कुणाकडे राहणार, आणि काम झाल्यावर ती रिकामी कोण करणार?