मनाचे मोजमाप आणि मनाची गोष्ट

मानसशास्त्र हे शास्त्र की कला, असा प्रश्न लोक मला अजूनही विचारतात. मी बी.ए.ला हा विषय घेतला तेव्हा जोडीला मराठी आणि तत्त्वज्ञान होते. त्या शेजाराचा उपयोग काय, हे स्मरणशक्तीच्या एकाच उदाहरणावरून सांगतो.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्मृतीवरचे आपले प्रयोग 1885 साली प्रसिद्ध केले. प्रयोग करणारा तोच आणि पाठांतर करणाराही तोच! अर्थाची भेसळ नको, म्हणून त्याने सुमारे 2300 निरर्थक अक्षरसमूह तयार केले, त्यांच्या याद्या पाठ केल्या आणि काही काळाने त्या पुन्हा पाठ करायला किती वेळ लागतो ते मोजले. तासाभरातच निम्म्याहून अधिक श्रम वाया गेलेले असत. पुढे मात्र विसरण्याचा वेग मंदावे. 2015 साली त्याचा प्रयोग पुन्हा करून पाहण्यात आला, तेव्हाही विस्मरणाचा आलेख बहुतांशी तसाच निघाला.

परंतु निरर्थक अक्षरे पाठ करीत कोण जगतो? केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटला हीच शंका आली. त्याने उत्तर अमेरिकेतील आदिवासींची भुतांच्या युद्धाची एक लोककथा लोकांना वाचायला दिली आणि काही मिनिटांनी, काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी ती आठवून लिहायला सांगितली. 1932 च्या त्याच्या ग्रंथात त्याचे फळ आहे. कथेतील डोंग्याची साधी होडी झाली, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली आणि भुते तर कित्येकांच्या कथेतून पार नाहीशी झाली! माणसे विसरत होती खरी, पण विसरता विसरता परक्या कथेला आपल्या घरच्या वळणावर आणीत होती. लोककथा एका तोंडातून दुसऱ्या तोंडी जाताना कशी बदलते, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. बार्टलेटने तोच व्यापार एकेका मनात पाहिला.

म्हणून गोष्ट जिंकली आणि मोजमाप हरले, असे मात्र समजू नये. 1967 साली दोन संशोधकांनी दाखवून दिले, की 'अचूक तेवढेच लिहा' अशी सक्त ताकीद दिली, तर हे फेरफार बरेच कमी होतात. साहित्याने जागी केलेली शंका अशी पुन्हा प्रयोगानेच तपासावी लागते.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. न्यायालयात साक्षीदार आठवून बोलतो, तेव्हा त्याच्या प्रत्येक शब्दाची पारख कठोरपणेच झाली पाहिजे. तेथे कोणाचे तरी आयुष्य पणाला लागलेले असते. पण नवऱ्याच्या शेवटच्या दिवसाची हकिकत एखादी बाई दरवेळी थोडी निराळी सांगते, तेव्हा तिच्या चुका मोजीत बसणारा माणूस तिचे दुःख ऐकतच नाही. यंदा तिने काय गाळले, काय नव्याने घातले, यातच ती त्या मरणाशी कशी जुळवून घेत आहे ते कळते.

कोठे मोजायचे आणि कोठे ऐकायचे, हा विवेक आकडेशास्त्राच्या तासाला एकट्याने येत नाही. त्यासाठी शेजारच्या वर्गात कथा, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवले जात असावे लागते. आपल्या मुलाने वा मुलीने कला शाखेतून मानसशास्त्र घेतले, तर वाचकहो, मुळीच हळहळू नका. त्यांनी आलेख काढायला अवश्य शिकावे. मात्र कादंबऱ्यांचे कपाट बंद करू नये.