विजेरीची निवड

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यात वडनेर हे गाव आहे. तेथील शिवारात ओलितासाठी शेतकऱ्याला कधी कधी रात्रीही जावे लागते. वाटेवरची घोणस किंवा मण्यार वेळीच दिसली, तर प्राण वाचतात. म्हणून विजेरी विचारपूर्वक निवडावी.

विजेरीतून बाहेर पडणारा एकूण प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात, तर एका दिशेने जाणाऱ्या झोताची तीव्रता कँडेलामध्ये मोजतात. परावर्तक खोल व रुंद असला, की झोत एकवटतो व दूर पोहोचतो. परंतु अंतर दुप्पट झाले, की वस्तूवर पडणारा प्रकाश चौथाई उरतो. म्हणून १०० मीटरऐवजी २०० मीटरवरील वस्तू तितकीच उजळण्यास चौपट तीव्रता लागते. बांधापलीकडचे रानडुक्कर पाहण्यास असा एकवटलेला झोत उपयोगी पडतो. पायांखालच्या वाटेसाठी मात्र पसरट प्रकाश हवा.

प्रकाश जितका प्रखर, तितकी विजेरी अधिक तापते व तिच्यातील बॅटरी लवकर संपते. यासाठी प्रकाश कमीअधिक करण्याची सोय असलेली विजेरी घ्यावी. तिचा झोत कोणाच्याही डोळ्यांवर टाकू नये. परतीच्या वाटेपर्यंत जी पुरते, तीच विजेरी खरी कामाची होय.